भिंत नसलेलं दार

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीच्या बरोबर मधोमध एक दार उभं होतं. दार अगदी रीतसर होतं. लाकडी चौकट, तीन बिजागऱ्या, पितळी मूठ, बाजूला बेल आणि खाली पायपुसणं. फक्त त्याच्या दोन्ही अंगांना भिंत नव्हती. डावीकडून चार पावलं टाकली की माणूस दाराच्या पलीकडे पोचला असता. पण गेल्या चार वर्षांत तसं कुणी गेलं नव्हतं. झाडणाऱ्या बाईसुद्धा अलीकडचं झाडून झालं की बेल वाजवायच्या, आतून कुणी "कोण आहे?" असं विचारेपर्यंत थांबायच्या आणि मग पलीकडचं झाडायच्या. आत कुणी नसेल तर "कोण आहे?" हेही त्याच विचारायच्या.

हे दार ज्यांनी उभं केलं, त्यांना सगळे दारकाका म्हणत. तोंडावर 'सर' आणि पाठीमागे दारकाका, पण काकांचे कान तिखट असल्यामुळे त्यांना दोन्ही माहीत होतं.

दारकाका शिकले किती, हे विचारण्यात अर्थ नाही. विद्यापीठात नोकरीला असून त्यांनी विद्यापीठाची पदवी फक्त इतरांच्या हातात पाहिली होती. एकतीस वर्षं त्यांनी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकले. लोकांना देव कळतो, राजकारण कळतं, तसं काकांना दार कळायचं. साखळी लावून चार बोटं उघडणारं दार, आतून नुसताच "नकोय!" असा आवाज येणारं दार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सताड उघडणारं दार, कारण त्या घरातल्या माणसाला गप्पा हव्या असतात, क्लीनर नको असतो. बेलच्या आवाजावरून घरात भांडण चालू आहे की झोप, हेसुद्धा आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. बेल तर स्वतः काकाच वाजवायचे, मग तिच्या आवाजावरून आतलं कसं कळणार, ही शंका काकांना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

विद्यापीठात ते आले ते संचालिकाबाईंमुळे. पीएचडी करणाऱ्या मुलांनी प्रयोगशाळेत लावलेले शोध कपाटात पडून राहतात, त्यांच्या कंपन्या निघाल्या पाहिजेत, म्हणून विद्यापीठाने एक नवउद्योग कक्ष काढला आणि तो बाईंच्या गळ्यात घातला. बाईंनी आधी मोठमोठे सल्लागार बोलावून पाहिले. ते पडद्यावर बाण दाखवायचे, मुलं बाण वहीत उतरवून घ्यायची, आणि पुढे कशाचंही काही व्हायचं नाही. मग एक दिवस बाईंना घरच्या माळ्यावर एक व्हॅक्यूम क्लीनर दिसला. सोबत गालिचा साफ करायचा खास ब्रश होता. बाईंच्या घरात गालिचा कधीच नव्हता.

"ज्या माणसाने मला हा ब्रश विकला," बाई म्हणाल्या, "तो माणूस मला हवाय."

काकांनी रुजू झाल्याच्या दिवशी फक्त दार मागितलं. भांडारवाल्याने विचारलं, कुठल्या भिंतीत बसवायचं? काका म्हणाले, भिंत नको.

पद्धत अशी होती. संशोधकाने आपला शोध घेऊन अलीकडे उभं राहायचं आणि बेल वाजवायची. पलीकडून काका दार उघडायचे, पण काका म्हणून नाही. कधी ते निवृत्त फौजदार असायचे, कधी गॅसवर दूध ठेवून आलेली गृहिणी, कधी कमी ऐकू येणारे आजोबा. त्यासाठी खुंटीला एक एप्रन आणि एक काठी टांगलेली असायची. कुत्र्याचं भुंकणं काका स्वतःच करायचे, आणि ते इतकं हुबेहूब व्हायचं की खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालांनी दोनदा लेखी तक्रार केली होती. संशोधकाला बोलायला वेळ किती? काकांचा हात दार लोटेपर्यंत. हात बहुतेक वेळा पहिल्याच वाक्याला हलायचा.

"अगं पोरी, अरे पोरा," काका नंतर समजावायचे, "तुझ्या शोधाचं कौतुक तुझ्या आईला. दारातल्या माणसाला आधी एकच विचारायचं, घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो? मग गप्प बसायचं. गप्प बसणं हेच खरं कसब आहे."

मुलं हे वाक्य पाठ करून खऱ्याखुऱ्या घरांच्या बेला वाजवायला जायची. "घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो?" यावर दहातली सहा माणसं "सध्या तुमचा" असं म्हणून दार लावून घ्यायची.

चार वर्षांत सतरा संशोधक त्या दारातून गेले. त्यातल्या एकाने बुरशीचे एकोणीस प्रकार नुसत्या वासावरून ओळखणारं यंत्र केलं होतं. यंत्र कधी चुकत नसे. पण एक आजी म्हणाल्या, "ओळखून करायचंय काय? मी फेकून देते." एकाने कबुतरं कुठे बसतील ते आधीच सांगणारं गणित शोधलं होतं. एका गृहस्थांनी त्याला दारातूनच जिन्याचा कठडा दाखवला आणि म्हणाले, "बसतात कुठे ते मला दिसतंय, उठणार कधी ते सांग." तिसरीने ओला झाला की शिट्टी वाजवणारा कागद तयार केला होता. त्याबद्दल न बोललेलंच बरं. थोडक्यात, सतरा जणांमधून कंपन्या निघाल्या शून्य. एकाने केकचं दुकान काढलं होतं, ते धरायचं का असं काकांनी विचारून पाहिलं. बाई नको म्हणाल्या.

शेवटी वरून पत्र आलंच. महिनाअखेरीस समिती येणार, आणि तिने निदान एक तरी शोध कंपनीसाठी पसंत केला नाही तर कक्ष बंद, खोली झेरॉक्स विभागाला आणि दार भंगारात. झेरॉक्सवाला तर दर सोमवारी टेप घेऊन खोली मोजायला येऊ लागला. तोही आधी बेल वाजवायचा.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना नोकरीची फिकीर नव्हती. पण आपण चार वर्षं लेकरांना जे शिकवलं ते खोटं होतं की काय, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला, आणि तो काही केल्या निघेना. आणि त्या वर्षी कक्षात संशोधक होती एकच. ती म्हणजे डिंकी.

डिंकीचं हे नाव अर्थातच तिच्या शोधावरून पडलं होतं. पाच वर्षं गोगलगायींच्या मागे लागून, त्या भिंतीला कशा चिकटतात ते पाहून, तिने एक डिंक तयार केला होता. तळहाताएवढी पारदर्शक पट्टी, पण शिलाई मशीन टांगलं तरी ढिम्म हलायची नाही. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, फक्त ती माणसांशी बोलायची नाही. ती बोलायची स्वतःच्या बुटांशी. समोरच्याला वाटायचं, बुटांशीच काहीतरी गुपित चाललंय, आपण मध्ये कशाला पडा.

पहिल्या दिवशी तिने बेल वाजवली. काका एप्रन बांधून आले.

"नमस्कार," डिंकी बुटांना म्हणाली. "दीर्घ रेणूंच्या साखळ्यांमधल्या आंतरबंधांचं—"

दार बंद.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "या डिंकाने विमानाचे पंखसुद्धा चिकटवता येतील."

"माझ्याकडे विमान नाही," एप्रनमधले काका म्हणाले आणि दार लावलं. मग त्यांनाच दया आली. त्यांनी दार पुन्हा उघडलं, एप्रन काढला, काठी घेतली, छाती पुढे काढली. "बरं, समज माझ्याकडे आहे एक विमान."

डिंकीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "खरंच? कुठे ठेवता?"

काकांनी कपाळाला हात लावला आणि दार बंद केलं.

चौदा दिवसांत पंधरा वेळा दार बंद झालं. शेवटी काकांनी तिला दाराखालच्या पायपुसण्यावर बसवलं, स्वतः पलीकडच्या बाजूला स्टूल घेऊन बसले, आणि उघड्या दारातून विचारलं, "तू काहीतरी लपवतेस. मी एकतीस वर्षं क्लीनर विकलेत, ज्याच्या मशीनची वायर तोकडी असते तो असाच पायांकडे बघतो. काय आहे?"

डिंकी बराच वेळ बुटाची नाडी ओढत बसली. मग म्हणाली, "त्याच्यात दोष आहे, सर. गरम पाणी लागलं की सुटतो. सगळाच्या सगळा, लगेच. मी तो प्रबंधात सहाव्या प्रकरणात, बारीक अक्षरात टाकलाय. आमचे मार्गदर्शक म्हणाले, हे कुणाला बोलू नकोस."

"मग नको बोलूस," काका म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सल्ला त्यांनी दिला तो हाच, आणि तो त्यांनी अतिशय प्रेमाने दिला.

समितीला आठच दिवस उरले होते. काकांनी तिला एका भागातल्या गल्ल्यांची यादी दिली आणि खऱ्या दारांवर पाठवलं. पहिल्या दिवशी तिने नऊ बेला वाजवल्या आणि चार वेळा दार उघडायच्या आतच "सॉरी" म्हणून पळाली. दुसऱ्या दिवशी एका घरी तिला चुकून कुरिअरवाली समजले आणि तिने सही घेऊन त्यांचं पार्सल शेजारी पोचवलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी यादी संपली. तेव्हा ती आपल्या मनाने पुढच्या गल्लीत शिरली.

ती गल्ली काकांची होती.

काका त्या दुपारी घरीच होते. समितीसमोर जरा रुबाबदार दिसावं म्हणून त्यांनी केसांना काळा रंग लावला होता आणि गळ्यात जुना टॉवेल गुंडाळून ते अर्धा तास संपायची वाट बघत बसले होते. बेल वाजली. काकू दार उघडायला गेल्या.

"नमस्कार काकू," दारातून ओळखीचा आवाज आला. "घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

काका ताडकन उठले. शिकवणाऱ्याने कधी मध्ये पडायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि डोक्यावर रंग लावून विद्यार्थिनीसमोर जायचं नाही हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला. बाहेर पडायला वाट एकच होती, ती दारातूनच. ते स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "तू काय विकतेस ते आधी सांग."

डिंकी गडबडली. गप्प बसायचं ती विसरली, विमानही विसरली. "डिंक," ती म्हणाली. "भिंतीला काहीही चिकटवता येतं. खूप जड असलं तरी."

"आणि काढता येतं का?"

नाही म्हण, पोरी, नाही म्हण, असं दारामागे काका मनात घोकू लागले.

डिंकीच्याने खोटं बोलवेना. "येतं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "तोच तर दोष आहे, काकू. गरम पाण्याचं फडकं लावलं की सुटतो."

"पोपडा निघतो का भिंतीचा?"

"नाही. डागसुद्धा राहत नाही."

काकूंनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आत ये."

डिंकीला इतक्या दिवसांत हे दोन शब्द कुणी म्हटले नव्हते. आत येऊन काय करायचं हे काकांनी कधी शिकवलंच नव्हतं, कारण तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. ती आली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

काकू कपाटापाशी गेल्या, कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत हात घालून त्यांनी एक मोठी चौकट ओढून काढली. वर धूळ होती. ती त्यांनी पदराने पुसली. आत एक फोटो होता. एकोणीस वर्षांची मुलगी सायकल धरून उभी, गुडघ्याला खरचटलेलं, हातात चषक, आणि दात सगळे बाहेर.

"ही मी," काकू म्हणाल्या. "पहिली आले होते. चाळीस मैल. शेवटच्या वळणावर पडले, तरी पहिली. लग्नानंतर आठ भाड्याची घरं झाली बघ आमची. आठही घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आठ घरं हा फोटो कपाटामागे तोंड लपवून उभा आहे. मला विचारतेस ना त्रास कशाचा? याचा."

दारामागे काका उभे होते. बायको सायकल चालवायची हे त्यांना माहीत होतं. शर्यत, चषक, चाळीस मैल हेही तिने कधीतरी सांगितलं असणार, आणि ते त्या वेळी उद्याच्या गल्ल्यांची यादी करत असणार. एकतीस वर्षांत त्यांनी किती हजार परक्या बायकांना दारात उभं राहून विचारलं असेल, वहिनी, तुम्हाला कशाचा त्रास होतो? घरी आल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न एकच, जेवायला काय आहे. काकांना लाज वाटली. चांगली कानशिलं तापण्याइतकी वाटली, आणि कानशिलं तापल्यामुळे रंग मानेवरून खाली ओघळू लागला.

बाहेर डिंकीने चौकटीच्या मागे दोन पट्ट्या लावल्या. फोटो भिंतीवर गेला. काकूंनी तो हलवून पाहिला, ओढून पाहिला, शेवटी त्याला धरून लोंबकळायचा बेतही केला, पण डिंकीने हात जोडले. मग काकू म्हणाल्या, "आता काढून दाखव." गरम पाण्याचं फडकं आलं, फोटो अलगद हातात आला, भिंत होती तशी. काकूंनी भिंतीवरून दोनदा हात फिरवला. "लाव परत," त्या म्हणाल्या. "आणि मला अजून सहा पट्ट्या दे. हे सगळं विचारायला तुला कुणी शिकवलं?"

"आमचे सर आहेत. ते म्हणतात, समोरच्याला आधी त्याचा त्रास विचारावा."

"असं होय?" काकूंचा आवाज एकाएकी बराच मोठा झाला, स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल इतका. "फारच हुशार दिसतात! घरी बायकोला रोज विचारत असतील, नाही?"

"असतीलच," डिंकी भाबडेपणाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिंकी कक्षात आली ती पळतच. बेल मात्र वाजवली. "सर, एका काकूंनी मला आत बोलावलं! त्यांना डिंक सुटतो म्हणूनच हवाय. काढता येतो म्हणून!"

"हो का?" काका चौकटीवरची नसलेली धूळ झटकत म्हणाले. "कोण काकू?"

"फार छान आहेत. पण त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे कुणीतरी लपलं होतं. खालून पाय दिसत होते आणि फरशीवर काळं काहीतरी ठिबकत होतं. मला तर भीतीच वाटली."

"असतात अशी माणसं," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मग दोघांनी मिळून सहावं प्रकरण पुढे आणलं आणि पहिली पाच मागे टाकली. विमान बाद झालं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, खिळ्याशिवाय लागणारी आणि पोपड्याशिवाय निघणारी पट्टी, एवढंच सांगायचं ठरलं. एवढं ठरायला चार वर्षं आणि एक काकू लागल्या.

समितीचा दिवस उजाडला. समितीत तिघं होती. अध्यक्ष म्हणजे पाण्याच्या पंपांचा कारखाना काढून म्हातारे झालेले एक कारखानदार, ज्यांना आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या एक बँकेतल्या अधिकारीबाई, आणि तिसऱ्या स्वतः संचालिकाबाई. काकांनी तिघांना रीतसर बेल वाजवायला लावून दारातून आत घेतलं, पलीकडे खुर्च्यांवर बसवलं आणि बजावलं, "आता तुम्ही तिघं घरात आहात. दार सोडून दुसरीकडून कुणी यायचं नाही की जायचं नाही. बेल वाजली की अध्यक्षांनी उठून दार उघडायचं." मग काकाही त्यांच्याबरोबर आतच थांबले, आणि दार लोटून घेतलं.

अलीकडे डिंकी एकटी होती. तिच्याजवळ टांगायचा एक आकडा, एक वजनदार पिशवी, एक पट्टी, गरम पाण्याचा थर्मास आणि एक फडकं होतं. काकांनी सांगितलं होतं की आकडा आधीच दारावर चिकटवून ठेव, त्याला वजनदार पिशवी टांग, म्हणजे दार उघडताच अध्यक्षांना दिसेल. डिंकीने तसंच केलं. फक्त घाईघाईत पट्टी अर्धी दारावर बसली आणि अर्धी चौकटीवर. तिने वरून तळहाताने चांगली दाबली. मग पाहिलं. मग तिची पाचावर धारण बसली. दार चौकटीला चिकटलं होतं. पट्टीत शिलाई मशीन पेलायची ताकद होती, आणि ती भिजवायचं भान तिला उरलं नव्हतं. तिने सवयीने बेल वाजवली.

अध्यक्ष उठले आणि त्यांनी मूठ फिरवून ओढली. दार हललं नाही.

"अडकलंय," ते म्हणाले आणि जोर लावला. दार तसंच. बँकेच्या बाई मदतीला आल्या. त्या अध्यक्षांना धरून ओढू लागल्या. संचालिकाबाई बँकेच्या बाईंना धरून ओढू लागल्या. काकांनी सगळ्यांच्या मागून "एक, दोन, तीन" म्हणायला सुरुवात केली. चौकट कुरकुरली, पायपुसणं घसरलं, पितळी मूठ निघून अध्यक्षांच्या हातात आली आणि चौघंही खुर्च्यांवर जाऊन आदळले. पण दार नाही म्हणत होतं, आणि नाही ऐकायची अध्यक्षांना सवय नव्हती. ते घामाघूम झाले, त्यांनी कोट काढून फेकला, ते दारावर मुठी आपटू लागले. "उघडा! आम्ही आत अडकलोय!"

दोन्हीकडे भिंत नव्हती. डावीकडे चार पावलांवर जिना होता, खिडकीतून ऊन येत होतं. चौघांपैकी एकाच्याही मनात तिकडे जायचं आलं नाही. काकांच्या तर नाहीच नाही.

मग दारापलीकडून आवाज आला. लहानसाच होता, पण बुटांकडे बघून काढलेला नव्हता.

"घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

"कशाचा म्हणजे!" अध्यक्ष ओरडले. "दार! दार उघडत नाहीये!"

आणि इथे डिंकी गप्प बसली. काकांनी शिकवलं होतं तशी. एक, दोन, तीन, चार क्षण गेले. अध्यक्षांनी दाराला कपाळ टेकवलं आणि अगदी निराळ्या, नरम आवाजात म्हणाले, "बाळ, सोडव ना ते काहीतरी करून."

थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला. ओलं फडकं लाकडावर दाबल्याचा आवाज आला. मग दार आपसूक, हळूच उघडलं. दारात डिंकी उभी होती, हातात पट्टी आणि पिशवी लटकलेला आकडा घेऊन.

अध्यक्ष तिच्याकडे बघायचे सोडून चौकटीकडे गेले. खिशातून चष्मा काढून त्यांनी पट्टी होती ती जागा वरपासून खालपर्यंत न्याहाळली, नखाने खरवडली. "रंगाचा एक टवकाही गेला नाही," ते पुटपुटले. "आम्ही चौघं ओढत होतो. मूठ उपटली. आणि टवका नाही."

"कुणाला लागेल हे?" बँकेच्या बाईंनी विचारलं.

"ज्यांना घरमालकाने खिळा ठोकू दिला नाही त्यांना," डिंकी म्हणाली, थेट बाईंच्या डोळ्यांत बघून. "एक काकू आहेत. त्यांचा फोटो आठ घरं कपाटामागे होता. आता भिंतीवर आहे. त्यांनी शेजारच्या पाच घरांना सांगितलंय."

समितीने बाहेर जाऊन विचारविनिमय करायचा ठरवला. बाहेर जाताना तिघंही ओळीने दारातून गेली. दहा मिनिटांनी परत आली, बेल वाजवली, आणि अध्यक्षांनी सांगितलं की कंपनीला पसंती आहे, एका वर्षाची जागा आणि मदत मिळेल, आणि पहिल्या बारा पट्ट्या त्यांना स्वतःला हव्यात, कारण त्यांचीही सून भिंतीला हात लावू देत नाही. डिंकी तिथेच पायपुसण्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. काकांनी दोन वेळा भुंकून दाखवलं. आनंद झाला की त्यांना दुसरं काही सुचत नसे. खालून ग्रंथपालांचा टेबल आपटल्याचा आवाज आला. खोली राहिली, दार राहिलं, आणि झेरॉक्सवाला सोमवारी आला तेव्हा त्याला परत पाठवायचं काम काकांनी डिंकीलाच दिलं.

एवढं सगळं झाल्यावर फक्त पंपवाले अध्यक्ष जिन्यात थबकले. मागे वळून त्यांनी खोलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दाराच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. मग ते काहीही न बोलता मिटलं आणि ते भराभर जिना उतरून गेले.

संध्याकाळी काका घरी आले. किल्ली खिशात होती. त्यांनी ती काढली, पाहिली आणि परत खिशात टाकली. त्यांनी शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला, पायपुसण्यावर दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे भिंतीवर ती सायकलवाली पोरगी सगळे दात काढून हसत होती.

"किल्ली हरवली का?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

एवढं म्हणून ते गप्प बसले. दहातली सहा माणसं यावर काय म्हणतात ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि हे दार लागलं तर ते योग्यच आहे, हेही त्यांना मनापासून पटलेलं होतं.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या बाजूला झाल्या आणि दार त्यांनी सताड उघडलं.

"आत या," काकू म्हणाल्या. "वेळ लागेल."